टीबीच्या औषधांनी लिव्हर बिघडणं घराण्यात चालत येतं का?

मृगनक्षत्र
नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या नवऱ्याला (वय ४१, वजन ५२ किलो, दारू-तंबाखू काही नाही) जूनमध्ये फुप्फुसाचा टीबी निघाला. सरकारी एकेटी (टीबीची औषधं) सुरू झाली, रोज सकाळी चार गोळ्या. दोन आठवड्यांत ताप उतरला, खोकला कमी झाला, आम्ही खूश. तिसऱ्या आठवड्यात जेवायला बसला की मळमळ. फोडणीच्या वासाने उठून गॅलरीत जायचा. मला वाटलं, गोळ्या उष्ण पडल्या. लघवी पहिल्या दिवसापासूनच केशरी होती, ती गोळीनेच होते असं नर्सताईंनी सांगितलं होतं, त्यामुळे तिकडे कुणी बघितलंच नाही. मग एका सकाळी ओट्याशी उभा राहून चहा पीत होता, खिडकीतलं ऊन तोंडावर आलं, आणि डोळ्यांचा पांढरा भाग हळदीचं बोट लागल्यासारखा दिसला. त्याच दिवशी एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) केली. एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) ६१२, बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) ३.८. सगळ्या गोळ्या बंद झाल्या.

आता प्रश्न. माझ्या मोठ्या दिरांना २०११ मध्ये टीबी झाला होता आणि त्यांनाही औषधं चालू असतानाच कावीळ झाली होती. सासूबाईंचं ठाम मत, "आमच्या घराण्याचं लिव्हरच कच्चं." मुलगा १४ वर्षांचा आहे. घरात पेशंट असल्याने त्यालाही टीबी होऊ नये म्हणून प्रतिबंधक कोर्स द्या असं डॉक्टर म्हणताहेत. नॅट२ नावाच्या जीनबद्दल नेटवर वाचलं, आणि एका लॅबवाल्याने फोनवर टेस्टचं पॅकेजही सांगितलं. टेस्ट करावी का? आणि बापाचं असं झालेलं असताना पोराला तेच औषध द्यायला जीव धजावत नाहीये.

खारेदाणे
पहिला!
(विषय गंभीर आहे, पण सवय जात नाही. दादांना लवकर आराम पडो.)

रात्रपाळी
ताई, मी छातीविकारात काम करतो. तुमच्या डॉक्टरांच्या जागी मी नाही, त्यामुळे हे फक्त माहितीपुरतं.

गोळ्या थांबवल्या ते बरोबरच. लक्षणं असतील तर एसजीपीटी नॉर्मलच्या तिप्पट आणि लक्षणं नसतील तर पाचपट झाली की थांबवतात. कावीळ दिसली तर विचारच करायचा नाही. चार औषधांपैकी लिव्हरला त्रास देणारी तीन: पायराझिनामाइड, आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन. इथॅम्ब्युटॉल लिव्हरच्या वाटेला जात नाही, ते डोळ्यांवर लक्ष ठेवून द्यावं लागतं.

केशरी लघवीचा घोळ नेहमीचा आहे. रिफाम्पिसिनने लघवी, घाम, अश्रू सगळं रंगतं, पण डोळ्यांचा पांढरा भाग रंगत नाही. पेशंटला मी एवढंच सांगतो की रोज सकाळी उजेडात आरशात डोळे बघा. ट्यूबलाइटखाली कावीळ कळत नाही.

दोन प्रश्न. यांच्या हिपॅटायटिस ए, बी, सी आणि ई या चारही तपासण्या झाल्या का? आणि दिरांच्या तेव्हा झाल्या होत्या का? आपल्याकडे पावसाळ्यात एकेटीवरच्या माणसाला कावीळ झाली की खापर गोळीवर फुटतं, आणि कित्येकदा ती पाण्यातून आलेली असते. जुने कागद असतील तर शोधा. जीनचं नंतर बघू.

औषधवेडा
जीनचं आत्ताच बघू. :) मी फार्माकॉलॉजी शिकवतो, हा माझा आवडता धडा.

आयसोनियाझिड पोटात गेलं की लिव्हरमधलं नॅट२ नावाचं एन्झाइम त्याला अॅसिटिल गटाची शेपटी लावतं आणि ते निरुपद्रवी होऊन बाहेर पडायच्या रांगेत लागतं. हे एन्झाइम कोणाचं चपळ, कोणाचं आळशी. चपळ लोकांच्या रक्तातलं निम्मं औषध तासा-दीड तासात संपतं, आळशी लोकांना त्यासाठी तीन तासांच्या आसपास लागतात. आळशी मंडळींना स्लो अॅसिटिलेटर म्हणतात. शेपटी लागायला उशीर झाला की आयसोनियाझिडचा काही भाग आडवाटेने फुटतो आणि हायड्राझिन तयार होतं, जे लिव्हरच्या पेशींना विष आहे. त्यात रिफाम्पिसिन ही आडवाट रुंद करून देतं. म्हणून दोन्ही औषधं एकत्र असली की त्रास वाढतो.

ही गोष्ट आनुवंशिक आहे हे १९६० सालीच कळलं. लोकांना आयसोनियाझिडचा डोस देऊन सहा तासांनी रक्त तपासलं, तर आलेखाला एक टेकडी न येता दोन आल्या, उंटाच्या पाठीसारख्या. उंची-वजनासारख्या गोष्टींत मधोमध गर्दी असते. दोन टेकड्या आल्या म्हणजे मागे एकच मोठा जीन बसलाय. तो आठव्या गुणसूत्रावर आहे. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा दोन्ही प्रती आळशी मिळाल्या तरच माणूस स्लो.

बाकीचे संशयित पण आहेत. सीवायपी२ई१, आणि जीएसटीएम१, जो कित्येक माणसांत चक्क गैरहजरच असतो. २००२ साली दिल्लीच्या एम्समधून एचएलए (रोगप्रतिकारशक्तीच्या) जीनबद्दल निबंध आला होता, त्यात डीक्यूबी१ या त्यातल्याच जीनच्या एका प्रकारात धोका जास्त दिसला. पण वेगवेगळ्या देशांत पुन्हापुन्हा पकडला गेलेला गुन्हेगार म्हणजे नॅट२.

सह्यकडा
म्हणजे आता टीबीवाल्यालाही कुंडली काढावी लागणार. लॅबवाल्यांचं चांगभलं.

माफ करा ताई, पण हे पॅकेज वगैरे शुद्ध धंदा आहे. माझ्या आत्तेभावाला असंच 'जीन प्रोफाइल' गळ्यात मारलं. चाळीस पानी रंगीत रिपोर्ट आला, आणि शेवटी सल्ला काय, तर पालेभाज्या खा आणि चालायला जा.

खारेदाणे
@सह्यकडा, रंगीत छपाईचे पैसे कोण देणार, तुमचे काका?

औषधवेडा
@सह्यकडा, चाळीस पानी रिपोर्ट आणि नॅट२ एका तागडीत घालू नका. इथे जीन काय करतो, कोणत्या औषधावर करतो, कसं करतो हे साठ वर्षं माहीत आहे.

सह्यकडा
साठ वर्षं माहीत आहे ना? मग सरकारी दवाखान्यात ही टेस्ट का करत नाहीत? माझा तोच मुद्दा.

भूमितीचे_सर
सह्यकडा यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर गणितात आहे. निवृत्त माणसाला वेळ असतो, म्हणून मांडून दाखवतो.

भारतात साधारण निम्मे किंवा त्याहून जास्त लोक स्लो असतात असं वाचलं. आपण निम्मेच धरू. आता १००० रुग्ण घ्या. ५०० स्लो, ५०० बाकीचे. समजा (पुढचे आकडे मी सोयीसाठी घेतलेत) १००० पैकी १०० जणांचं लिव्हर बिघडलं आणि स्लो लोकांना धोका तिप्पट आहे. म्हणजे स्लो गटातले ७५, दुसऱ्या गटातले २५.

टेस्ट केली तर घंटा ५०० जणांसाठी वाजेल. त्यातल्या ४२५ जणांना काहीच होणार नाही. ज्या ५०० जणांना 'तुम्ही सुरक्षित' म्हणून घरी पाठवलं, त्यांच्यातले २५ जण काविळीने परत येतील, आणि टेस्ट चांगली आली होती म्हणून उशिरा येतील. तिप्पट धोका ऐकायला भयंकर वाटतो, पण ५ टक्क्यांचे १५ टक्के झाले, एवढाच त्याचा अर्थ.

आता घराण्याचा प्रश्न. निम्मे लोक स्लो असतील तर आळशी प्रतीचं प्रमाण वर्गमूळ ०.५, म्हणजे ०.७१ येतं. ताई, तुमचे यजमान स्लो आहेत असं धरलं तर त्यांचा सख्खा भाऊ स्लो असण्याची शक्यता ७३ टक्के. पण रस्त्यावरून कुणालाही धरून आणला तरी ५० टक्के आहेच! मुलाला वडिलांकडून एक आळशी प्रत नक्की मिळाली. दुसरी तुमच्याकडून. ती आळशी असण्याची शक्यता ७१ टक्के. तेव्हा सासूबाईंना सांगा, मुलगा स्लो निघालाच तर निम्मा वाटा माहेरचा.

मृगनक्षत्र
@सर, शेवटचं वाक्य सासूबाईंना वाचून दाखवलं. हसल्या आणि म्हणाल्या, "ते तर मी पंधरा वर्षं सांगतेय."

@रात्रपाळी, ह्याच्या चारही व्हायरसच्या टेस्ट निगेटिव्ह आल्यात. दिरांचं कुणालाच आठवत नाही. जुनी फाइल गावच्या घरी असेल, चिपळूणला. गणपतीत जाऊ तेव्हा बघते.

वरणफळ
लॅबमध्ये काम करते, म्हणून एक सांगावंसं वाटतं. एकेटी सुरू करण्याआधीची एलएफटी बरेच लोक करतच नाहीत. 'डॉक्टरांनी लिहिली नाही', 'पैसे नव्हते', 'नंतर करू'. मग महिन्याने एसजीपीटी १४० आली तर ती आधीपासून होती की औषधाने झाली, कोण सांगणार? फॅटी लिव्हरवाल्यांची तर बिनऔषधाचीच ७०-८० असते. एका जीन टेस्टच्या पैशात कितीतरी एलएफटी होतात. पहिली औषधाआधी, मग दोन आठवड्यांनी, मग महिन्याने. बहुतेकांना त्रास पहिल्या दोन महिन्यांतच होतो.

बिब्बा
एवढं सगळं वाचलं. कोणी मूळ उपायाकडे वळेल का? आमच्याकडे काविळीवर देवडांगरी नाकात सोडतात, तीन दिवसांत पिवळं पाणी नाकातून बाहेर. पुनर्नवा आहे, गुळवेल आहे. एकेटीबरोबर गुळवेलीचा काढा चालू ठेवला असता तर ही वेळच आली नसती. आमच्या गावात काविळीची माळ घालणारे एक आजोबा होते, डोक्यावर ठेवलेली माळ उतरत उतरत पायापर्यंत जायची.

खारेदाणे
आयडी सार्थ केलात. बिब्बा घातलात.

रात्रपाळी
@बिब्बा, तुमच्या आजोबांबद्दल आदर ठेवून, कृपया हे करू नका. नाकातून येतं ते पाणी म्हणजे नाकाच्या आतली त्वचा भाजून सुटलेलं पाणी, लिव्हरमधलं पित्त नव्हे. नाकातून लिव्हरला रस्ता नाही. आणि गुळवेल: २०२१ मध्ये कोविडच्या काळात रोज काढे पिणाऱ्यांमध्ये लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्याच डॉक्टरांनी नोंदवून छापले. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, तो वाद बाजूला ठेवू. पण ज्याचं लिव्हर आधीच एसजीपीटी ६१२ दाखवतंय, त्याच्यावर आणखी एक अनोळखी पाहुणा कशाला सोडायचा?

साधी विषाणूची कावीळ बहुतेक वेळा आपोआप बरी होते. म्हणून माळही यशस्वी, काढाही यशस्वी. औषधाच्या काविळीत मात्र औषध चालू ठेवून माळ घातली तर माणूस दगावतो. औषधाने झालेल्या काविळीत साधारण दहातला एक जातो, असा डॉक्टरी जगातला जुना ठोकताळा आहे. मी स्वतः पाहिलेली एक केस: बाई, तीस वर्षांची, उलट्या सुरू झाल्यावर घरच्यांनी दहा दिवस गावठी औषध दिलं आणि एकेटीही चालूच ठेवली, 'कोर्स मोडायचा नाही' म्हणून. आली ती बेशुद्धच. जास्त लिहीत नाही.

बिब्बा
कोर्स मोडू नका हे तुम्हीच शिकवलंत ना लोकांना? भिंतीभिंतीवर रंगवलंय.

रात्रपाळी
हा टोला मान्य. 'गोळी चुकवू नका' हे आम्ही इतक्या जोरात सांगितलं की 'डोळे पिवळे झाले तर थांबवा आणि पळत या' हे त्याखाली दबून गेलं.

आजोळ
अवांतर: माझे आजोबा १९५० च्या आसपास मिरजेजवळ वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये होते. दीड वर्षं नुसतं पडून राहायचं, दूध-अंडी आणि मोकळी हवा. आजी महिन्यातून एकदा रेल्वेने जायची, बाजूच्या खाटेवरचा माणूस बदललेला असायचा. कुठे गेला हे विचारायचं नाही, असा न बोललेला नियम होता. आजोबा वाचले आणि ९१ वर्षं जगले. घरात त्यांचा पेला वेगळा तो वेगळाच राहिला, आजीने शेवटपर्यंत बदलू दिला नाही.

औषधवेडा
@आजोळ, अवांतर अजिबात नाही. मला पिन मारलीत तर भोगा.

आयसोनियाझिड पहिल्यांदा बनवलं १९१२ साली, प्रागमध्ये, दोघा रसायनशास्त्रज्ञांनी. टीबीवर चालतं याची कुणाला कल्पनाच नाही. चाळीस वर्षं ते कपाटात पडून. जग सॅनेटोरियमात मरत होतं आणि औषध कपाटात! १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू इस्पितळात रुग्णांना दिलं आणि मरायला टेकलेले लोक वॉर्डात नाचू लागले. ते फोटो वर्तमानपत्रांत छापून आले होते.

पुढची गोष्ट आपल्या जवळची. १९५६ साली मद्रासला टीबी केमोथेरपी सेंटर निघालं. तिथे निम्मे रुग्ण सॅनेटोरियममध्ये आणि निम्मे आपापल्या झोपडीत ठेवून एकच औषधं दिली. १९५९ मध्ये निकाल आला, घरी राहणारेही जवळपास तितकेच बरे झाले. दूध-अंडी-हवा यांची गादी तिथे खाली आली. आणि त्याच मद्रासमध्ये आपल्या धाग्याचा विषयही चघळला गेला. रुग्णांना जलद आणि स्लो अशा गटांत वाटून बघितलं. हातापायाला मुंग्या येण्याचा त्रास स्लो लोकांना जास्त, त्यावर बी६ची गोळी. उलट औषध आठवड्यातून एकदाच दिलं तर जलद लोक मागे पडले, कारण त्यांच्या अंगात ते टिकतच नव्हतं. म्हणजे आळशी जीन हा शाप म्हणावा तर तसंही नाही.

आणि माझ्या विषयाची फजिती पण सांगतो. १९७५ च्या सुमारास अमेरिकेतल्या नामवंत मंडळींनी बरोब्बर उलटं सांगितलं होतं, की लिव्हर बिघडतं ते जलद लोकांचं, कारण शेपटी लावलेल्या औषधातूनच पुढे विषारी तुकडा निघतो. तर्क बिनतोड. मग लक्षात आलं की तो विषारी तुकडा निकामी करायलाही तेच नॅट२ लागतं. स्लो माणूस तुकडा कमी बनवतो, पण साफही हळू करतो. वर हायड्राझिन आहेच. पुढच्या अभ्यासांत पारडं स्लो लोकांकडे झुकलं आणि तिथेच राहिलं. आमच्या पिढीने परीक्षेत एक उत्तर लिहिलं, मी आता मुलांना दुसरं शिकवतो.

सह्यकडा
म्हणजे आणखी वीस वर्षांनी तिसरं येईल. :)

ओसाकाकर
धागा उशिरा पाहिला. जपानमध्ये असतो. इथे स्लो लोक जेमतेम दहा टक्के, त्यामुळे भूमितीच्या सरांचं गणित इथे अगदी उलट फिरतं. शंभरात दहा जणांसाठीच घंटा वाजणार असेल तर ती घंटा ऐकण्यात अर्थ आहे.

२०१३ मध्ये इथला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १७२ रुग्ण. निम्म्यांना नेहमीचा डोस, निम्म्यांना जीन बघून: स्लो असेल तर आयसोनियाझिड किलोमागे २.५ मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या निम्मं, आणि जलद असेल तर ७.५. नेहमीच्या डोसवर असलेल्या स्लो लोकांपैकी ७८ टक्क्यांचं लिव्हर बिघडलं. जीन बघून डोस दिला त्यातल्या स्लो लोकांत एकाचंही नाही, आणि औषध कमी केलं म्हणून उपचार फसलाही नाही. जलद लोकांना जास्त डोस दिला तर सुरुवातीला उपचार फसण्याचं प्रमाण ३८ वरून १५ टक्क्यांवर आलं.

सह्यकडा
७८ विरुद्ध शून्य! मग मी माझे शब्द मागे घेतो की काय?

भूमितीचे_सर
थांबा, एवढ्यात घेऊ नका. १७२ पैकी स्लो दहा टक्केच, म्हणजे दोन्ही गट मिळून मोजकी डोकी. एवढ्याशा गटातला ७८ टक्के जपून वाचावा. दिशा खरी असेल, आकडा मुंबईला आणू नये.

रात्रपाळी
आणि डोस कमी करायचा कसा, ते मला कोणी सांगा. आमची खरी अडचण तिथे आहे.

सरकारी गोळी ही चार औषधांची एकच गोळी. एका गोळीत आयसोनियाझिड ७५, रिफाम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४००, इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम. ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ ला चार. गोळ्या एकत्र असण्याचा फायदा मोठा आहे: पेशंट एखादंच औषध टाकून देऊ शकत नाही, म्हणून रेझिस्टन्सला (जंतूंनी औषधाला न जुमानण्याला) आळा बसतो. पण समजा मला कळलं की ताईंचे यजमान स्लो आहेत आणि त्यांना आयसोनियाझिड निम्मं हवंय. गोळी अर्धी केली तर रिफाम्पिसिनही अर्धं होणार, आणि मग टीबीच हसेल. सुट्या गोळ्या मिळतात, पण मग पुडी बांधणं, मोजणं, पुरवठा, सगळं हातावर आलं.

सह्यकडा, तुम्ही विचारलं होतंत की साठ वर्षं माहीत आहे तर टेस्ट का करत नाहीत. माझ्या मते खरं कारण हे. नुसतं कळून उपयोग नाही, कळल्यावर करायला हातात काही हवं. ज्या दिवशी मला तीन औषधांची गोळी आणि बाजूला हव्या त्या डोसचं सुटं आयसोनियाझिड मिळेल, त्या दिवशी मी स्वतः नॅट२ लिहून देईन.

औषधवेडा
याला मी सुद्धा +१. आणि पायराझिनामाइडचं विसरू नका. ते नॅट२ च्या वाटेने जातच नाही, त्यामुळे नॅट२ चा रिपोर्ट त्याच्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

खारेदाणे
एक प्रामाणिक शंका. मी रात्री अकराला चहा पिऊन दहा मिनिटांत घोरतो. म्हणजे मी जलद का?

औषधवेडा
गंमत म्हणजे कॅफीन देऊन लघवी तपासूनही नॅट२ चा वेग मोजता येतो, ती जुनी पद्धत आहे. पण झोप लागते की नाही ते बहुतांशी दुसऱ्या एन्झाइमवर आणि मेंदूवर अवलंबून. तुमचं घोरणं फक्त चहाबाज असल्याची खूण.

वरणफळ
ताई, मुलाच्या औषधाचं काय ठरलं? डॉक्टर, त्याचं कोणी बोललंच नाही.

रात्रपाळी
खरंच राहिलं. प्रतिबंधक कोर्स म्हणजे चार औषधं नव्हेत, पायराझिनामाइड त्यात नसतंच. एक पर्याय सहा महिने रोज आयसोनियाझिड. दुसरा आयसोनियाझिड आणि रिफापेन्टिन, आठवड्यातून एकदा, एकूण १२ डोस. २०११ च्या मोठ्या चाचणीत हा आठवड्याचा कोर्स आणि नऊ महिने रोजचं आयसोनियाझिड यांची तुलना झाली होती. औषधाने लिव्हर बिघडायचं प्रमाण आठवड्यावाल्यांत ०.४ टक्के, रोजवाल्यांत २.७. शिवाय मुलांचं लिव्हर या बाबतीत मोठ्यांपेक्षा बरंच सोशिक. आधी एक्स-रे काढून त्याला स्वतःला टीबी नाही ना हे बघायचं. मग वडिलांच्या इतिहासामुळे एक एलएफटी औषधाआधी, एक महिन्याने. मी तरी असंच केलं असतं. निर्णय तुमच्या डॉक्टरांचा.

मृगनक्षत्र
पाच आठवड्यांनी लिहितेय, सॉरी. गणपती, दवाखाना आणि घर यात वेळच झाला नाही.

ह्याची एसजीपीटी महिनाभरात ५८ वर आली. मधल्या काळात इथॅम्ब्युटॉल आणि लिव्होफ्लॉक्सासिन चालू होतं. मग एकेक औषध परत सुरू केलं. आधी रिफाम्पिसिन, आठवड्याने एलएफटी, मग आयसोनियाझिड, पुन्हा एलएफटी. दर वेळी रिपोर्ट मोबाइलवर यायचा आणि मी तो स्वयंपाकघरात एकटी उघडायची, आधी कुणाला न दाखवता. ४४, ३९, ४१. पायराझिनामाइड परत दिलंच नाही, त्यामुळे कोर्स सहाऐवजी नऊ महिन्यांचा झाला. मळमळ गेलीय. परवा स्वतःहून म्हणाला, "कुळथाचं पिठलं कर."

मुलाचा एक्स-रे स्वच्छ, एलएफटी नॉर्मल. आठवड्याचा कोर्स सुरू केलाय, तीन डोस झाले. दर शनिवारी, शाळेला अर्धा दिवस असतो म्हणून. जीन टेस्ट केली नाही. लॅबवाला अजून फोन करतो.

आता मुख्य गोष्ट. गावी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत दिरांची २०११ ची फाइल सापडली. प्लास्टिकच्या पिशवीत, वरून दोरी. त्यात ऑगस्ट २०११ चा रिपोर्ट आहे, हिपॅटायटिस ई, आयजीएम पॉझिटिव्ह, म्हणजे तेव्हाची ताजी लागण. जाऊबाईंना दाखवला तर त्यांना आठवलं, की त्या पावसाळ्यात आळीत आणखी चार-पाच जणांना कावीळ होती, विहिरीत गटाराचं पाणी झिरपलं होतं. दिरांना कावीळ उतरल्यावर तीच औषधं पुन्हा दिली आणि काहीही झालं नाही, हेही त्याच फाइलमध्ये आहे.

रात्रपाळी
फाइल शोधलीत, फार बरं केलंत. मग दिरांचं आणि यजमानांचं एकत्र जोडायचं कारण उरलं नाही. यजमान स्लो असतील-नसतील, पण पायराझिनामाइडशिवाय बाकी दोन चाललीत, त्यामुळे माझा संशय तरी त्याच्यावर जास्त. शंभर टक्के नाही, कधीकधी पहिल्या वेळी बिघडवलेलं औषध दुसऱ्या वेळी निमूट चालतं. दिल्लीच्या एम्सने २०१० साली १७५ रुग्णांत औषधं परत सुरू करण्याच्या तीन पद्धती ताडून बघितल्या होत्या. साधारण ११ टक्क्यांनाच पुन्हा त्रास झाला आणि तिन्ही पद्धतींत फारसा फरक पडला नाही. एलएफटी मात्र चालू ठेवा.

भूमितीचे_सर
म्हणजे माझे ७३ टक्के फुकट गेले. हरकत नाही.

खारेदाणे
आणि सासूबाई काय म्हणाल्या?

मृगनक्षत्र
रिपोर्ट हातात घेतला, चष्मा लावून पाहिला, आणि म्हणाल्या, "बघ, मी तेव्हाच म्हटलं होतं विहिरीचं पाणी उकळून घ्या म्हणून."